न उचललेल्या टाचा

पेणच्या खाडीकडेला आमचं घर, आणि गोडं पाणी लांब. पावसाळा सरला की आई, बाबा, मी, सगळे मिठागरावर. मीठ धरायच्या आधी कोंडीचा, म्हणजे मिठाच्या वाफ्याचा, तळ पक्का करावा लागतो, नाहीतर खारं पाणी जमिनीत मुरून जातं. तो तळ पायांनीच तुडवायचा. रांगेत उभं राहायचं, हात कमरेवर, आणि टाच न उचलता चिखल दाबत दाबत बाजूला सरकायचं. टोकाला पोचलं की परत फिरायचं. दिवाळीनंतर शाळा सुरू व्हायची, माझी व्हायची नाही. भेगांत खार गेला की संध्याकाळी पायात चप्पलसुद्धा नको वाटे. बीए झाले तेव्हा ठरवलं, हे पाय पुन्हा चिखलात नाही घालायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण सांगायला मला आवडतं.

नोकरी लागली ती रोह्याला. तिथल्या अष्टमी गावात, कपड्याच्या दुकानावरची एक खोली. पहिल्या महायुद्धापासूनच्या लष्करी चित्रफिती संगणकावर पाहायच्या आणि प्रत्येकीखाली मराठीत वर्णन लिहायचं, एवढं काम. पडद्यावर उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना काळा कागद. फितींचं चित्रण कुणी करू नये म्हणून मोबाईल दाराबाहेरच्या खणात. बाहेर ऊन आहे की पाऊस, कळायचं नाही. आत मुके शिपाई बोटीत चढायचे, खंदकात उतरायचे, कॅमेऱ्याकडे बघून हसायचे, आणि फीत संपली की पुन्हा बोटीत चढायचे. कुणीच घरी पोचायचं नाही.

एका फितीवर मूळ मथळा होता, 'छावणीत हिंदी शिपायांचा नाच'. नदीकाठची सपाट जमीन, माणसं रांगेत, हात कमरेवर. बघता बघता टेबलाखाली माझीच टाच दाबली गेली. हा नाच नव्हता. टाच कुणीच उचलत नव्हतं.

आमचं काम तपासणारे साहेब पुण्याला असत, त्यांना फोन लावला.

"मथळ्यात नाच आहे ना? मग नाच लिहा. आपण भाषांतर करतो, संशोधन नाही."

"पण सर, ते चूक आहे."

"पुरावा द्या, बदलू."

वर्णन पुरं केल्याशिवाय पुढची फीत उघडत नसे. 'नाच' लिहवेना आणि पुढे जाता येईना. रोज तीच माणसं टोकाला जाऊन परत फिरायची, आणि त्यांच्याबरोबर मीही. अंधाऱ्या खोलीत, पंख्याखाली, मी पुन्हा कोंडीतच येऊन पडले होते.

रविवारी पेणला बाबांना सांगितलं. फीत दाखवायची सोय नव्हती, नुसतं वर्णन केलं.

"चिखलात कशाला नाचतील गो? कोनाचं लगीन होतं तिथं?"

"साहेब पुरावा मागतात."

"मंग तुडवून दाव ना त्याला. का बीए झाल्यावर पाय जड झाले?"

मला राग आला. जेवलेही नाही नीट. पण सोमवारी संगणकावरून साहेबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं, फीत लावली, चपला काढल्या आणि फरशीवर त्या माणसांच्या लयीत तुडवायला लागले.

शेजारच्या टेबलावर काम करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, माझ्या हळदीला नाचायला याल का?"

"येईन. आधी मुलगी तर मिळू दे तुला."

सगळे हसले. मी थांबले नाही. पडद्यातली माणसं टोकाला फिरली, तेव्हाच मीही फिरले.

साहेब पडद्याजवळ झुकून पाहत राहिले. मग म्हणाले, "पाय उचलत नाहीत हो ते."

"नाचणारा उचलतो, सर. इथे उचलला तर चिखल टाचेला चिकटून वर येतो, तळ फाटतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी केलंय हे," मी म्हटलं. कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती माणसं कुठली, ठाऊक नाही. बाबा म्हणतात, "आपल्याकडचीच, आनखी कुटली?" मी तसं लिहिलं नाही, त्याला पुरावा नाही. दिसलं तेवढंच लिहिलं. मूळ मथळा तसाच ठेवून साहेबांनी त्याखाली माझी ओळ मंजूर केली: 'शिपाई चिखलाची जमीन पायांनी तुडवून पक्की करीत आहेत. हा नाच नाही.'

ती ओळ आज त्या फितीखाली आहे.