साहेबासाठी थांबवलेल्या अक्षता

मुलीच्या लग्नपत्रिकेत मी आत्येभावाचं नाव सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत छापलं. तो मुंबईला मोठा साहेब. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेलो. आमच्याकडं असा माणूस आल्याशिवाय अक्षता टाकत नाहीत, म्हणून पाथरीच्या मंगल कार्यालयात मुहूर्त टळला तरी मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी घामाघूम. लोकांच्या मुठीतल्या अक्षता ओल्या झालेल्या. मी फाटकापासून मांडवापर्यंत नुसता येरझारा घालायलो. व्याही तिसऱ्यांदा आले.

"पाहुणे, अजून किती वेळ?"

"मानवतपर्यंत आलेत," मी ठोकून दिलं. खरं तर तो फोनच उचलत नव्हता.

"पोरगी चक्कर येऊन पडंल," बायको म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो.

दीड तासानं गाडी आली. माईकवर त्याचं नाव पुकारलं. मी गर्दीतून वाट काढत गेलो, त्याला शाल घातली, नारळ दिला. त्यानं घड्याळ पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "मुलीचे वडील कुठं आहेत?"