गुरुवारी उपसलेला चिखल

तारुविंगाने अभयारण्याच्या कुंपणावर एकतीस वर्षं काढली. दक्षिण हद्दीचे खांब त्यानेच रोवलेले. निवृत्त झाला तेव्हा त्याला एक ब्लँकेट आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्याने बायकोच्या स्वाधीन केलं आणि पुढच्याच सोमवारी पक्कड घेऊन पुन्हा फाटकावर उभा राहिला. पगार नको म्हणाला. सैल तार डोक्यातून जात नाही, एवढंच कारण दिलं.

अभयारण्यात तेव्हा परदेशातून स्वयंसेवक येत. महिना महिना राहत, स्वतःच्या खर्चाने खड्डे खणत, तारा ओढत, शिकाऱ्यांचे फासे शोधत. त्यांना काम शिकवायचं तारुविंगावर आलं. तो फार बोलत नसे. बांधलेली गाठ पसंत पडली नाही की सोडायचा आणि तार परत त्यांच्या हातात द्यायचा. रडकुंडीला आलेले लोक चौथ्या दिवशी नीट गाठ मारू लागत.

गावात यावर हसू व्हायचं. सगळ्यात जास्त हसायचा गापारे. तो तारुविंगाचा साहविरा, म्हणजे बापजाद्यांपासून चालत आलेला दोस्त. साहविऱ्याने लग्नात, मयतात, पंचांसमोर, कुठेही वाटेल ते बोलावं आणि दुसऱ्याने ते गिळावं, अशी रीत. गापारे म्हणायचा, "ते पैसे देऊन राबतात, तू फुकट राबतोस. एकाच कोंबडीची अंडी तुम्ही."

अभयारण्यात आठवड्याचे सगळे दिवस काम चाले, पण गावची माणसं गुरुवारी फक्त तारेचं काम करत. गुरुवार म्हणजे चिसी. त्या दिवशी जमिनीत लोखंड घालायचं नाही, कुदळ नाही, फावडं नाही. जमीन पूर्वजांची, आणि पाऊस त्यांच्या हातात. कुंपण माणसांनी घातलं. पूर्वजांना ते कुठे ठाऊक? म्हणून कुंपणाच्या आतही चिसी तीच. एकतीस वर्षांत तारुविंगाने गुरुवारी खड्ड्यातली मातीसुद्धा पायाने ढकलली नव्हती.

त्याला ते सांभाळावंच लागे. पावसाआधी म्हाताऱ्या बाया नाचणीची बिअर गाळत आणि तिचा घडा टेकडीवर पूर्वजांपुढे न्यायचा मान त्याच्या घराण्याचा. आधी बाप नेई, एकोणीस वर्षं तो नेत होता. या वर्षीचा दिवस नऊ दिवसांवर आला होता, आणि गेल्या साली पाऊस निम्माच झालेला.

त्या गुरुवारी तो चार स्वयंसेवकांना घेऊन कुंपणावर निघाला. त्यांत बिर्टे होती, डेन्मार्कची, पन्नाशी उलटलेली, जन्मभर इस्पितळात नर्स. पाणवठ्याजवळ आले तेव्हा पाणी आटून तव्याएवढं उरलेलं, आणि मधल्या चिखलात एक म्होफू पोटापर्यंत रुतलेली. म्होफू म्हणजे बैलाएवढं हरीण. मादी होती. जिभेवर माशा बसत होत्या आणि ती कानही हलवत नव्हती.

म्होफू हेच तारुविंगाच्या कुळाचं नाव, आणि कुळ तिला रक्ताची मानी. गावात त्याला याच नावाने हाक मारत. तिचं मांस त्याच्या घरात सात पिढ्यांत शिजलेलं नव्हतं.

त्याने वायरलेसवर गाडी मागितली. दोरखंडाची गाडी उत्तरेला होती, यायला साडेतीन तास. बिर्टेने विचारलं, "एवढा वेळ टिकेल?" त्याने मान हलवली, नाही.

स्वयंसेवकांकडे दोन फावडी होती. त्यांच्यावर चिसीचं बंधन नव्हतं. ते उतरले आणि खणू लागले. तारुविंगा काठावर बसला. ते खांद्याजवळ खणत होते, चिखल काढला की तेवढाच परत सरकत होता. अर्धा तास ते नुसते दमले. त्याने काठावरून सांगितलं, पायाच्या बाजूने, तिरपं, खालून वर. त्यांना कळेना. एकाचं फावडं तिच्या गुडघ्याला लागलं आणि ती पहिल्यांदा हंबरली.

तारुविंगा उठला. सदरा काढून तिच्या डोळ्यांवर बांधला, म्हणजे ती बिचकणार नाही. मग बिर्टेपुढे हात केला.

"द्या इकडे, माई."

"सेकुरू, आज गुरुवार आहे," बिर्टे म्हणाली. सगळे स्वयंसेवक त्याला सेकुरू म्हणत, आजोबा.

"माहीत आहे."

त्याने एकेका पायालगत अरुंद भोक पाडलं, त्यात डबक्यातलं पाणी ओतायला लावलं. पायाला चिकटलेला चिखल पाण्याने सुटतो. ओढून सुटत नाही. पुढे उतार कापला, त्यावर मोपाने झाडाच्या फांद्या आडव्या अंथरल्या. तार ओढायचा जवळचा दोर मानेला नाही, पुढच्या पायांमागून घेतला. विसाव्याला तो थांबला नाही, त्यांनाही थांबू दिलं नाही. दोन तासांनी पाचही जणांनी एकदम ओढ दिली तेव्हा ती फांद्यांवर गुडघे टेकून वर आली. गाडी पोचली तेव्हा ती काठावर उभी होती, पाय थरथरत. थोड्या वेळाने झाडीत गेली.

बिर्टे रडत होती. तारुविंगाने फावडं धुतलं, सदरा पिळला आणि म्हणाला की आता हद्दीचा उरलेला भाग बघायचा आहे.

कोणी चुगली करायच्या आत तो स्वतःच मुखिया न्यामांदेकडे गेला आणि काय केलं ते सांगून टाकलं. शनिवारी सकाळी झाडाखाली पंच बसले. वाटेत गापारेने त्याला गाठलं. आज तो थट्टा करत नव्हता. त्याने बजावलं, "मुक्या जनावराचा जीव जात होता, एवढंच बोल. त्यापुढे तोंड उघडू नकोस. घडा तुझ्याकडेच राहील."

बिर्टेही आली होती. तिने उभं राहून सांगितलं की चूक आमची, आम्हाला खणता येत नव्हतं म्हणून सेकुरूंना उतरावं लागलं. मुखियाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि बसायला स्टूल दिलं. म्हणाला, पाहुण्याला खणता येत नाही हा काही गुन्हा नाही.

मग गापारे उठला. साहविऱ्याच्या हक्काने त्याने तारुविंगाला आधी झोडपलं. "हा गाढव आहे हे मी चाळीस वर्षं सांगतोय. निवृत्त झालेला माणूस घरी पाय पसरून बसतो, हा दुसऱ्यांच्या तारा पिळतो. पण लोभाने याने कधी काही केलं नाही. आपली जमीन याने पेरायला खणली नाही. जीव वाचवायला खणली."

लोक माना हलवू लागले. मुखियाचाही चेहरा सैल झाला. त्याने शेवटचं म्हणून विचारलं:

"म्होफू, तिथे झेब्रा रुतलेला असता, तरी तू खणलं असतंस?"

गापारेने तारुविंगाकडे रोखून पाहिलं. 'हो' हा एकच शब्द पुरे होता. तारुविंगाला तो काठ आठवला, आणि पूर्वीचेही आठवले. एकतीस वर्षांत गुरुवारी रुतलेली दोन जनावरं त्याने पाहिली होती. एक रानरेडा, एक झेब्रा. दोन्ही वेळा तो काठावर बसून गाडीची वाट पाहत राहिला होता. दोन्ही मेली होती.

"नाही," तो म्हणाला. "बसून राहिलो असतो. पूर्वी राहिलोय."

 गापारेने टोपी काढून मांडीवर आपटली.

मुखियाने निवाडा दिला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस सगळ्यांचा. चिसी सगळ्यांची. जो ती आपल्या रक्तासाठी मोडतो, त्याने सगळ्यांचा घडा उचलू नये. एक बोकड द्यायचा, आणि या वर्षी घडा धाकटा भाऊ मुगोवे नेईल. पुढचं पुढच्या वर्षी.

तारुविंगाने दोन्ही हात हलके वाजवून निवाडा मान्य केला.

परतताना बिर्टेने विचारलं की खोटं बोलला असतात तर कोणाचं काय गेलं असतं. त्याने चालता चालता उत्तर दिलं, "घडा जड असतो, माई. वर नेताना मनात दुसरं काही असलं की पाय घसरतो."

गापारे मागून येत होता. तो म्हणाला, "पाय घसरायला आता घडा तरी कुठे आहे?" पण म्हणाला हळू, आणि पुढे येऊन तारुविंगाच्या बरोबरीने चालू लागला.

पुढचे चार दिवस तारुविंगा संध्याकाळी भावाच्या अंगणात जात होता. मुगोवे पन्नाशीचा, अंगाने जड. त्याला या मानाची हौस नव्हती आणि भीती होती. तारुविंगाने त्याच्या खांद्यावर पाण्याने भरलेला घडा ठेवला आणि अंगणाबाहेरच्या चढावर चालवलं. पावलाकडे बघू नकोस. श्वास मोज. चढ संपेपर्यंत खांदा बदलायचा नाही. पहिल्या दिवशी मुगोवेची अर्धी पाठ भिजली. तो म्हणाला, "दादा, थोडं सांडलं तर पूर्वज काय मोजायला बसणार आहेत?"

तारुविंगाने घडा पुन्हा काठोकाठ भरला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

टेकडीच्या दिवशी सगळं गाव वर गेलं. ज्याच्यावर निवाडा झाला त्याने त्या दिवशी पायथ्यालाही येऊ नये, अशी रीत. तारुविंगाने सकाळी साद्झा, म्हणजे मक्याची घट्ट उकड, आणि रात्रीची पालेभाजी खाल्ली, पक्कड घेतली आणि फाटकावर गेला. बिर्टे एकटीच तयार होती. दोघं पाणवठ्याजवळच्या कुंपणाशी गेले. कापलेला उतार तसाच होता, त्यावर ताजे खूर उमटलेले. कोणतं तरी जनावर त्याच वाटेने पाण्याला उतरून सुखरूप वर आलेलं. लहान खूर होते, म्होफूचे नव्हते. तारुविंगा वाकून ते बघत राहिला.

टेकडी तिथून दिसत होती. त्याने एकदाच तिकडे पाहिलं. माणसं मुंग्यांएवढी, चढाच्या मध्यावर. सगळ्यांत पुढे कोण आहे ते ओळखू येत नव्हतं, पण पुढचा माणूस थांबत नव्हता.

बिर्टेने तार ओढून गाठ मारली. त्याने ती बोटाने दाबून पाहिली, सोडली आणि तार तिच्या हातात परत दिली.