पहिला दम बाबाजीचा

बाबाजी पालव हा माणूस माझ्या खोलीत नसता तर मी सौदीतल्या यान्बूत अधिक सुखाने राहिलो असतो. तो घोरत नाही, उधार मागत नाही, कुणाचं डबडं उघडत नाही. तरीही माझं डोकं फिरवायला तो पुरेसा आहे. सगळ्या गोष्टी मोजून करतो. चहात साखर मोजून, भाताला पाणी मोजून. कुडाळकडचा. एका रिफायनरीच्या कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, सतरा वर्षं झाली. मी विनोद, खेडचा, त्याच कंत्राटदाराकडे परमिट सांभाळतो. कुठलंही काम सुरू करायचं तर परमिटवर माझी सही लागते आणि संपलं की बंद करतानाही लागते.

बावीस वर्षं ओढलेली सिगारेट बाबाजीने चार वर्षांपूर्वी सोडली आणि बॅटरीवर रसाची वाफ काढणारं वेप धरलं. तेही सरळ दुकानातलं घेऊन ओढावं ना? नाही. हा ॲटमायझर, म्हणजे रस तापवणारी वरची डबी, आणतो रिकामा, त्यात स्वतः तार वळून कॉइल बसवतो, कापूस विंचरून घालतो, आणि घड्याळजी चष्मा चढवून बसावा तसा तासभर वाकून बसतो. त्याचं मत पक्कं: एकच कॉइल, बारीक तार, हवेचं भोक लहान. वाफ थोडी निघते, पण स्वाद येतो. "आंबो म्हटल्यार आंबोच लागूक होयो," तो म्हणायचा. दुकानातला तोच रस साबणासारखा लागायचा, हे मात्र आमच्या कामगार कॅम्पातले सगळेच कबूल करायचे. म्हणून आठ-दहा जण त्याच्याकडून कॉइल बांधून घ्यायचे. त्याची एक रीत होती. बांधलेल्या कॉइलचा पहिला दम तो स्वतः घ्यायचा, डोळे मिटून थांबायचा, आणि मगच ज्याची वस्तू त्याला द्यायचा.

ज्ञानेश वेल्डर कणकवलीकडचा, तिशीच्या आतला. त्याला स्वाद नको होता, ढग हवे होते. शुक्रवारी समुद्राकाठच्या फरसबंदीवर काही पोरं जमतात, वाफेचे ढग सोडतात, व्हिडिओ काढतात. त्या शुक्रवारी चार वाजता तिथे मोठा घोळका जमणार होता. ज्ञानेशने एका फिलिपिनो सोबत्याकडून पितळेची नळी घेतली होती. आत एक बॅटरी, खाली बटण, बस. साध्या वेपमध्ये एक चिप असते, काही चुकलं तर ती वीज तोडते. या नळीत तोडणारं कोणी नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाबाजीने दोन ॲटमायझर त्याच्यासमोर ठेवले. एक स्वादाचा, एक ढगांचा. ढगांच्यात दोन जाड कॉइल, दोन्हीकडे हवेची मोठी भोकं. "ह्येचा तोंडात काय लागाचा नाय. निस्तो धूर," बाबाजी म्हणाला. "इचार कर."

ज्ञानेशने ढगांचा उचलला. बाबाजीचं तोंड पडलं, आणि मला राहवलं नाही. "अरे, याला बांधता येतं तरी का? हा आजारी माणसाला वाफ देणारा. ढग काढायला हातात जोर लागतो." मला नुसती गंमत करायची होती. बाबाजीने चिडून चष्मा चढवला. त्याने जाड तार काढली आणि कॉइल वळायला घेतल्या.

झाल्यावर त्याने आपलं मीटर काढलं. ते त्याचं स्वतःचं, अचूक असल्याचा कॅलिब्रेशनचा स्टिकर लावलेलं, त्याला कोणी हात लावलेला बाबाजीला चालत नाही. रीडिंग आलं पॉइंट चार ओहम. बॅटरीच्या चार पॉइंट दोन व्होल्टला त्याने मनात भागलं. "धा अँपिअर. बॅटरी वीसची आसा. काय नाय होवचा." माझ्या साध्या वेपवर एकदा बसवून बघा, त्यातही आकडा दिसतो, असं ज्ञानेश म्हणाला. बाबाजीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वेप खिशात टाकलं. कारखान्यात मीटर वापरणारा माणूस खेळण्यावरचा आकडा बघणार नाही.

शुक्रवारी ज्ञानेशला सुट्टी होती. आमचं शटडाऊन, म्हणजे युनिट थांबवून दुरुस्ती, सुरू असल्याने आम्ही कामावर. पहाटे बसचा हॉर्न वाजला तेव्हा बाबाजी कापूस घालत होता. घाईघाईने त्याने नळी ज्ञानेशच्या हातात दिली. "पयलो दम तूच घे. माका इतको धूर झेपाचो नाय."

दुपारी पावणेतीनला आम्ही एका पंपापाशी होतो. बाबाजी बेअरिंगच्या टेंपरेचर सेन्सरच्या तारा जोडत होता आणि मी सावली शोधत होतो. सेन्सरला तीन तारा. एक आत जायला, एक बाहेर यायला, मग तिसरी कशाला, असं मी उगाच विचारलं. उकाड्यात माणूस काहीही विचारतो.

"तारेचो आपलो रेझिस्टन्स आसता," बाबाजी पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला. "तो रीडिंगमधे मिसाळता. तो वजा करूक तिसरी..."

तो थांबला. स्क्रूड्रायव्हर स्क्रूवरच होता. मी म्हटलं, काय झालं? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला त्याच्या चेहऱ्याची भीती वाटली.

"माज्या मीटरच्या वायरी जुन्यो आसत," तो म्हणाला. "पॉइंट तीन तर तेंचोच आसतलो. मी वजा नाय केलंय."

मला गणित उशिरा कळलं. चारातून तीन गेले, राहिला पॉइंट एक. दहा अँपिअर नव्हेत, बेचाळीस. वीसची बॅटरी, तोंडाशी धरलेली बंद पितळी नळी; दम घेताच ती तोंडावर फुटणार. वर्षानुवर्षं शंभर ओहमचे सेन्सर मोजणाऱ्याला मीटरच्या वायरींचा पॉइंट तीन कधी आडवा येत नाही, आणि त्याच सवयीने त्याने ते मोजलं होतं.

"पळ," मी म्हणालो.

तो पळाला नाही. तिसरी तार घट्ट केली, ओढून पाहिली, झाकण लावलं, चारही बोल्ट आवळले. मी त्याला शिव्या घातल्या. "ह्या उघडा ठेवलंय आणि बेअरिंग जळला तर हयसर पण माणसा आसत," तो म्हणाला. बोल्ट एकही वाकडा गेला नाही.

आमचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये होते. आत फोन चालत नाही. कंट्रोल रूममधून बाहेरचा नंबर लागत असता तरी ज्ञानेशचा नंबर दोघांपैकी एकालाही पाठ नव्हता. आणि परमिट बंद केल्याशिवाय हलायचं नाही. परमिटच्या टेबलावर ताजुद्दीन होता, हैदराबादचा, नियमाला पक्का. ड्यूटी संपायला अडीच तास असताना आम्ही का निघालो, हे त्याने विचारलं. पोटात दुखतंय म्हणावं असं माझ्या ओठांवर होतं.

बाबाजी आधी बोलला. "मेरी गलती है. एक लड़के का मुँह जल जाएगा. चार बजे."

ताजुद्दीनने घड्याळ पाहिलं. "पहले साइन करो," म्हणाला. माझी सही झाली, त्याची झाली. मग त्याने पिकअपची किल्ली उचलली. "गेट तक छोड़ता हूँ. यल्ला."

गेटवर तीन पंचवीस. मी फोन लावला. रिंग गेली नाही. पुन्हा लावला. व्हिडिओत मध्येच कॉल येऊ नये म्हणून ही पोरं फोन बंद करून ठेवतात, हे मला तेव्हा आठवलं. ज्या दोघा-तिघांचे नंबर होते त्यांना लावले. एक झोपलेला, एक कामावर, एकाने उचललाच नाही. टॅक्सी मिळेपर्यंत साडेतीन होऊन गेले.

 टॅक्सीत बाबाजी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसला होता. मी रस्त्याकडे बघत होतो आणि माझं गुरुवारचं वाक्य मला पुन्हापुन्हा ऐकू येत होतं. हातात जोर लागतो. मी नसतो बोललो तर तो चिडला नसता. चिडला नसता तर त्याने ज्ञानेशच्या वेपवरही बसवून पाहिलं असतं. हे मी त्याला सांगितलं नाही. मला लाज वाटत होती.

फरसबंदीवर पोचलो तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. दुरूनच ढग दिसले, एकामागून एक, वारा ते समुद्राकडे नेत होता. बाबाजी उतरला आणि पन्नाशीच्या माणसाने पळू नये तसा पळाला. टॅक्सीचे पैसे देऊन मी मागोमाग गेलो.

ज्ञानेश कठड्यावर बसला होता. नळी हातात, बटणाजवळ अंगठा. बाजूचे दोघे त्याला डिवचत होते, "अरे मार ना, कितना वेट करेगा?" बाबाजीने नळी ओढून घेतली, खालचं टोपण फिरवलं आणि बॅटरी हातावर काढली. मग तो तिथेच खाली बसला.

"अवो काका, तुमी लवकर इलास?" ज्ञानेश गोंधळून म्हणाला. "मी थांबान होतंय. सांजेक कॅम्पात तुमची बस इली की तुमकाच पयलो दम देतलंय."

"मी तुका सांगलंय ना, तू घे म्हणान?"

"सांगलास. पण तुमी बांधलास आणि तुमी घेवक नाय, असा कधी झाला?"

बाबाजीने घोळक्यासमोर, हिंदीतून, सगळ्यांना कळेल असं सांगितलं की मोजायला मी चुकलो. कुणी हसलं नाही. चेहरा मात्र त्याचा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

खोलीवर आल्यावर त्याने मीटर काढलं आणि त्याच्या वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. पॉइंट तीन.  मग त्याने स्वादाचा ॲटमायझर पुढे ओढला, एक बारीक कॉइल वळली, मोजली, तीन वजा केले, ज्ञानेशच्या साध्या वेपवर बसवून त्यावरचा आकडाही पाहिला. पहिला दम घेतला, डोळे मिटून थांबला, आणि ज्ञानेशला दिला. ज्ञानेशने ढगांचं नाव न काढता तो घेतला.

मी खाटेवर पडून हे बघत होतो, आणि दिवसभरात प्रथमच मला नीट उमजलं. आम्ही ज्ञानेशच्या तोंडासाठी धावलो होतो. त्या पंपापाशी बाबाजीला आठवलं नसतं तर सहा वाजता बस कॅम्पात आली असती, ज्ञानेशने ती नळी त्याच्यापुढे धरली असती, आणि स्वतः मोजलेली म्हणून बाबाजीने ती बेधडक तोंडाला लावली असती. मी बाजूलाच उभा असतो. आणि बटण दाबायच्या आधी मी त्याला आणखी एक टोमणा मारला असता.