व्हेनिसनं परत केलेला नारळ

व्हेनिस शहरातलं पाणी खारट आहे. हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही, स्वतः पिऊन सांगतोय. शेरवानीसकट!

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि मला विलायतेत कापसाचं शास्त्र शिकायला सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळाल्ता. अख्ख्या अंबडात पेढे वाटून झाल्यावर आमच्या आईनं जाहीर केलं, "ह्याला एकट्याला धाडायचं न्हाई. हा तिकडून मड्डम घेऊन येतो!" (माझ्या तोंडाकडं बघून असं फक्त आईलाच वाटू शकतं.) मंग द्वारकाचं, म्हणजे आमच्या कुटुंबाचं, तिकीट निघालं. आमची लेक चंपी मात्र जेमतेम दोन वर्षांची. तिला तिकडची थंडी सोसायची नाही म्हणून ती शहागडला, द्वारकाच्या माहेरी राहिली.

शहागड गोदावरीच्या काठावर आहे आणि आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. निघताना सासूबाईंनी चंपीला एका कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं द्वारकाला नारळ दिला. "समिंदर वलांडला की घाट बघून गंगामायची वटी भर. म्हणावं, मह्या लेकीला सुखरूप माघारी आण."

जहाजावर द्वारका तो नारळ मांडीवर घेऊन बसायची. हसायची नाही, धड जेवायची नाही. मधेच विचारायची, "आवं, आत्ता ती काय करून राह्यली आसंल?"

"झोपली आसंल," मी सांगायचो.

भर दुपारी विचारलं तरी मी हेच सांगायचो. मला तरी दुसरं काय माहीत होतं? आठवण मलाही यायची. पण मी पडलो वजिफेवाला माणूस, मी रडलो असतो तर हिला गप कुणी केलं असतं?

अशात आमचं जहाज व्हेनिसला लागलं. दिवसभर गाव बघायचं आणि संध्याकाळी पुढं निघायचं, असा हुकूम होता. मी शेरवानी चढवली, टोपी ठीक केली आणि द्वारकाला घेऊन एका लांबड्या काळ्या नावेत बसलो. नावाडी धिप्पाड, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबं ठरावीत. वल्हवायचा उभ्यानं, वर गायचा.

"इथं रस्तेच न्हाईत का वं?" द्वारकानं विचारलं.

"न्हाईत. बाजाराला बी नावंनंच जायचं."

"मंग पूर आला की काय करत्यात?"

मी नावाड्याच्या मिशांकडं बघायला लागलो.

एका वळणावर शेवाळलेल्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरत होत्या. द्वारका ताडकन उठली. नाव हलली, नावाडी हलला, मी तर पार हललो! "आवं, घाट! बघा, आपल्या शहागडावानी घाट!" जहाज सुटल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत जीव दिसला. द्वारका जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते डोळे मला अजून आठवतात.

तेव्हा मात्र माझ्यातला विद्वान जागा झाला. "अगं, ही नदी न्हाई. समुद्राचं पाणी हाय हे, खारं."

"तुम्ही पिऊन बघितलं का?"

"न्हाई."

"मंग?"

संपला विषय. ती पायरीवर उतरली. पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, खण सोडला, तांदूळ सोडले आणि शेवटी नारळ. हात जोडलेलेच ठेवून मला म्हणाली, "एक सांगते. गंगामायनं नारळ घेतला तर मी तुमच्यासंगं पुढं येते. न्हाई घेतला तर माघारी जाणाऱ्या जहाजात बसते. मह्या पोरीकडं."

"आन् मी?"

"तुम्ही शिका की कापूस!"

मी मनातल्या मनात निर्धास्त होतो. शहागडला गंगेत नारळ पडला की भोयांची पोरं सूर मारून तो पळवतात आणि पलीकडच्या काठावर फोडून खातात. नदीत सोडलेला नारळ आणून परत देणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचाय.

तो व्हेनिसला जन्मला होता. त्याला मिशा होत्या आणि तो आमचीच नाव वल्हवत होता!

"सिन्योरा! सिन्योरा!" असा ओरडा करत त्यानं नाव फिरवली, वाहत निघालेला नारळ वल्ह्यानं अडवला, स्वतःच्या बाहीनं पुसला आणि कमरेत वाकून द्वारकाच्या हातात दिला. मागोमाग खणही पिळून, घडी करून दिला! द्वारकाचं तोंड एवढंसं झालं.

"हे धरायचं न्हाई," मी घाईघाईनं म्हणालो. "ह्यो अडाणी हाय. परत सोड."

तिनं परत सोडला. मी नावाड्याचा हात घट्ट धरून ठेवला आणि खुणेनं सांगितलं, जाऊ दे, जाऊ दे! त्यावरून त्यानं ओळखलं की ह्या माणसाचा जीव त्या नारळात अडकलाय. त्यानं दुसऱ्या नावाड्याला हाळी दिली. वरच्या खिडकीतल्या बाईनं तिसऱ्याला दिली. बघता बघता तीन नावा नारळाच्या मागं लागल्या आणि तो वाजतगाजत परत आला! पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. द्वारका रडायला लागली.

"बघितलं? माय घेत न्हाई. मला बलवून राह्यली."

आता माझं धाबं दणाणलं. परमुलखात हिच्याशिवाय मी राहणार कसा? मला तर शेरवानीच्या गुंड्यासुद्धा ती लावून द्यायची. "आण तो इकडं!" मी म्हणालो. असा भिरकावतो की कुणाच्या बापाला सापडणार नाही! नावेत उभा राहिलो, हात मागं नेला आणि सगळा जोर लावून भिरकावला.

नारळ गेला. त्याच्या पाठोपाठ मीही गेलो.

इथं एक सांगायला पाहिजे. लग्नाच्या बैठकीत मी सासऱ्यांना छातीठोक सांगितलं होतं की मी भर पुरात गंगा पोहून जातो. (गुडघ्याच्या वर पाणी मी कधी बघितलेलं नव्हतं.) मी हातपाय झाडले, दोन घोट प्यालो, मराठीत "वाचवा" आणि उर्दूत "बचाओ" ओरडलो. नावाडी मात्र शांतपणे स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवून उभा. मला वाटलं, मेल्या माणसाला सलाम करतोय! एवढ्यात पाय टेकले. उभा राहिलो तर पाणी छातीएवढं. बिचारा खोलीच सांगत होता.

त्यानं मला गचांडी धरून नावेत ओढलं. टोपी डोक्यावर ठेवली. आणि मग आठवणीनं, वल्ह्यानं अडवून आणलेला नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

द्वारका तोंडात पदर कोंबून हसत होती. हसता हसता रडत होती, रडता रडता पुन्हा हसत होती. माझे दात वाजत होते, तरी म्हणालो, "मंग? जातीस माघारी? जा बाई. तुला पोरीपासून तोडून मला तरी कुठं सुख लागतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं. मंग डोळे पुसले. "नारळ माघारी दिला. तुम्हाला बी माघारी दिलं. ही माय कुणाचं काही ठिवून घेत न्हाई वं. मही चंपी बी मला माघारी देईल." लगेच आवाज चढवून म्हणाली, "चला जहाजावर. शेरवानी वाळवायची हाय. आन् पाणी कसं होतं?"

"खारं."

तो नारळ मंग विलायतेत आमच्या फळीवर बसला. त्याच्याकडं बघून ती रोज विचारायची आणि मी रोज सांगायचो, झोपली आसंल.

शिक्षण उरकून शहागडला परतलो तेव्हा चंपी आजीच्या लुगड्याआड लपली. आईला ओळखेना. द्वारकानं सामानातून नारळ काढला. तशीच गंगेवर गेली, आम्ही सगळे मागं. तिनं ओटी भरली आणि तोच नारळ पाण्यात सोडला. तो काठाकाठानं डुलत निघाला. तेवढ्यात आजीचा हात सोडून चंपी पाण्यात धावली, दोन्ही हातांनी नारळ धरला आणि द्वारकापुढं येऊन म्हणाली, "ओ बाई, तुमचा नारळ पडला!"

द्वारकानं नारळासकट तिला छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडली.

मलाही राहवेना. दोघींना पोटाशी घ्यावं म्हणून धोतर सावरत मी पाण्याकडं निघालो. तोच सासूबाईंनी माझी बाही धरली. व्हेनिसची हकीकत द्वारकाच्या पत्रातून शहागडला कधीच पोचली होती.

"जावईबापू, तुम्ही हितंच थांबा," त्या म्हणाल्या. "तिथं घोट्याएवढं पाणी हाय!"