फोमखालचा पत्रा

माझं पंक्चरचं दुकान आणि मास्तरांचं कुशनचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. गाड्यांच्या सीटा शिवण्यात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ते त्यांना नको तितकं ठाऊक होतं. "जरा स्वस्तात करा," असं गिऱ्हाईक म्हणालं की मास्तर म्हणत, "मग उभ्यानं चालवा गाडी." त्यांची स्वतःची गाडी म्हणजे जुनं खटारं, पण आत शिरलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटायचं. बायकोच्या कंबरेला दणके बसू नयेत म्हणून त्यांनी सीटा तर भरल्याच, शिवाय गाडीच्या तळाच्या पत्र्यावरही जाड फोम अंथरून त्यावर गालिचा चिकटवून टाकला होता. असले लाड कुशनवाल्याच्याच गाडीचे व्हायचे.

पुढे बायको गेली, आणि तिच्यामागोमाग मुलगाही आजारात गेला. सुनेनं दुसरं लग्न केलं. "बरं केलं तिनं, एकटीनं किती काढायचं?" असं मास्तर आपणहून सगळ्यांना सांगत. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत. राहिली ती एक नात. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात. इथं दूधच उरलं नव्हतं, नुसती साय होती, तीही दुसऱ्याच्या घरात.

सून काही वाईट नव्हती. रविवारी नातीला न्यायला तिची ना नव्हती. मात्र तिचं नवं घर शेजारच्या गावात, बसनं जायचं तर अर्धा दिवस रस्त्यातच जाणार. तेव्हा गाडी असेल तरच रविवार. आणि तिची अट एकच. "बाबा, मुलांची सीट बसवा, मागच्या बाजूला, बेल्टनं घट्ट. त्याशिवाय मी तिला तुमच्या गाडीत बसू देणार नाही."

मास्तर सीट घेऊन आले. नाकापेक्षा मोती जड! गाडीत ठेवली तेव्हा पुढची सीट इतकी सरकवावी लागली की तिथं बसल्यावर माझे गुडघे हनुवटीला लागले. मागचे बेल्ट तर सापडेचनात. बक्कल टोचतं म्हणून मास्तरांनीच ते कधीकाळी गादीखाली दडपून वर शिवून टाकले होते. सगळी शिवण उसवली तेव्हा बेल्ट निघाले, पण ते आखूड. मग भंगारातल्या गाडीचे लांब बेल्ट आणून जुन्याच बोल्टांवर कसले. आपल्याच हातची शिवण उसवताना हा माणूस शीळ घालत होता. मुलगा गेल्यापासून मी ती ऐकली नव्हती.

सीटवर गुडघा रोवून त्यांनी बेल्ट आवळला. हलवून पाहिलं, तर तसूभर हलेना.

"आता हत्ती बसवा," मी म्हटलं.

"हत्तीला एवढं कोण जपतंय?" मास्तर म्हणाले.

शनिवारी दुपारी त्यांनी जुन्या स्प्रिंगा पोत्यात भरून नातीएवढं वजन केलं, पोतं सीटवर बांधलं आणि मला शेजारी घेतलं. गोदामांमागचा रस्ता मोकळा होता. मास्तरांनी गाडी पळवली आणि कचकन ब्रेक मारला. मागं करकर आवाज झाला आणि ते सगळं धूड माझ्या पाठीवर येऊन आदळलं.

बेल्ट तुटला नव्हता. बक्कलही सुटलं नव्हतं. बोल्ट मात्र गाडीच्या तळातून उखडून आला होता, आणि त्याला तळहाताएवढा गंजका पत्रा लटकत होता.

मास्तरांनी गालिचा ओढून काढला. खालचा फोम ओलाचिंब. दाबला तसं काळं पाणी बोटांवरून ओघळलं. दारांच्या फटींतून जे पाणी आत आलं, ते इतकी वर्षं त्यानं पिऊन धरून ठेवलं होतं. खालचा पत्रा बिस्किटासारखा झाला होता. भोकातून रस्त्यावरची खडी दिसत होती.

"मीच अंथरला," मास्तर म्हणाले. "तिला दणके बसू नयेत म्हणून."

गाडी वेल्डरकडे नेली. त्यानं खाली वाकून पत्रा ठोकून पाहिला. "जोडायला लोखंड तरी उरायला हवं ना, मास्तर. सगळीकडे हेच आहे. कशाला काय जोडू?"

दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. मला राहवेना. म्हटलं, "वरून गालिचा टाका. हळू चालवा. कोण उचकून बघतंय?"

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "तू पंक्चरच काढ," ते म्हणाले. चांगलंच झोंबलं मला, पण बरोबर होतं त्यांचं.

रविवारी सून नातीला घेऊन, सीट कशी बसवलीय ते बघायला आली. गालिचा आणि सीट पुन्हा जागेवर ठेवलेली, त्यामुळे वरवर सगळं झकास दिसत होतं. तिनं हात लावून "छान बसवलीत हो, बाबा," असंही म्हटलं. मास्तरांनी गालिचा उचलला आणि भोक दाखवलं.

सुनेनं वाकून भोकातून खाली पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आम्हीच आणत जाऊ तिला. मधूनमधून." मधूनमधून म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळलं.

"ही सीट तरी घेऊन जा. कोरी आहे," मास्तर म्हणाले.

"आमच्या गाडीत आहे, बाबा."

नात तोवर आईच्या गाडीत चढून आपल्या सीटवर बसली होती. "आजोबा, बघा, मला लावता येतो!" म्हणत तिनं बेल्ट लावूनही टाकला. मास्तर वाकले. बेल्टखाली बोट घालून त्यांनी तो ओढून पाहिला, मग सीट बुडाशी धरून हलवून पाहिली. हलली नाही. ते हसले, आणि मला ते बघवेना.

"पुढच्या रविवारी तुमच्या गाडीतून जायचं ना?" नातीनं विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दार नीट दाबून लावलं.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मास्तर दुकानात गेले, आणि भिंतीपलीकडून दबलेल्या हुंदक्यांचा आवाज यायला लागला. माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी कॉम्प्रेसर सुरू केला आणि बराच वेळ तसाच चालू ठेवला.