दुष्काळातली मोटार
भिजलेल्या रेक्झिनचा वास आला की मला वडिलांची काळी मोटार आठवते. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, कचेऱ्यांची कामं वाढली होती आणि वडील त्या मोटारीतून भाड्यानं माणसांची ने-आण करायचे. घरात काही कमी पडलं तरी मोटारीच्या विम्याचा हप्ता ते आधी भरत. त्याच सुमारास दुष्काळ पडला. शिरूर अनंतपाळकडं मावशीच्या गावची विहीर आटली, तेव्हा वडिलांनी मागची सीट काढून पाण्याची पिंपं भरली आणि मला शेजारी बसवून निघाले. ओढ्याच्या उतारावर पिंपं सरकली आणि मोटार कलंडून खाली गेली. आमचं खरचटण्यावर निभावलं, पण पाणी बघता बघता वाळूत मुरलं. पुढं विम्याचे साहेब मोटार बघायला आले. "गाडीत काय होतं?" त्यांनी विचारलं. मावशीचे यजमान मागून वडिलांना खुणावत होते, की गाडीत पाव्हणे होते म्हणून सांगा. वडील म्हणाले, "पाणी व्हतं, साहेब." "मग नाही मिळणार. तुमचा विमा माणसं नेण्याचा आहे, माल नेण्याचा नाही." "माणसांसाठीच नेत व्हतो," वडील हळूच म्हणाले. साहेब चहा न घेताच गेले. मोटार भंगारात गेली आणि वडील दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले. आता माझ्या गाडीच्या विम्याचा हप्ता मीही दरसाल भरते, पण वेळेला त्यातून काही मिळेल असं मला वाटत नाही. वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटायचं, आपल्यालाच साहेबांना नीट सांगता आलं नाही.