कन्हानला पालकाच्या रसावर छापलेला एक्सरे

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि मी पालकाची जुडी निवडत होते. वाचनालयातल्या मासिकात वाचलेलं डोक्यात घोळत होतं: पालकाचा रस कागदाला लावून उन्हात ठेवला की त्यावर फोटो छापता येतो. कन्हानजवळच्या एका शेतावर हे दोन दिवसांत शिकवतात, असंही त्यात होतं. पोळ्या होईस्तोवर माझं जायचं ठरलं.

फोटो पारदर्शक फिल्मवर काढून आणा, असं शेतावरच्यांनी फोनवर सांगितलं. माझ्या कपाटात तयार फिल्म होती, धंतोलीच्या दवाखान्यातला यांच्या छातीचा एक्सरे. हे जाऊन तीन वर्षं झाली. तो बघवत नव्हता आणि टाकवतही नव्हता. तोच पिशवीत घातला.

उन्हाळ्यात जाणार असाल तर सीताबर्डीहून सातच्या आतली बस धरा, नंतर हाल होतात. कन्हानला माझी नणंद शोभा राहते, ती सोबत आली. ऑटोत तिनं पिशवीत डोकावलं.

"काहून वं वहिनी, दादाचा चांगला फोटो नव्हता का? हाडं घेऊन आली!"

शेतावर शिकवणाऱ्या मीनाताईंनी मात्र काही विचारलं नाही. पालक वाटून गाळला, रस जाड कागदाला लावून सावलीत वाळवला, वर एक्सरे ठेवला. एवढी मोठी काच नव्हती, तर त्यांनी खिडकीचं तावदानच उतरवलं. "जिथं ऊन लागते तिथला रंग उडते. झाकलेलं हिरवं राहते. चला, ऊन काम करून राहिलं, आपण जेवून घेऊ." वडाभात आणि पन्हं शिबिराच्या पैशांतच होतं. मुक्काम शोभाकडे.

दुसऱ्या दिवशी चारला काच उचलली. हिरव्यावर फिक्या फासळ्या उमटल्या होत्या. डॉक्टर ज्यावर बोट ठेवत, तो डाग खरबरीत कागदावर उतरलाच नव्हता.

शोभा वाकून बघत राहिली. "पाह्य ना, उजवा खांदा वरच आहे. बाबा किती ओरडत, सरळ उभा राय म्हणून."

"मीही ओरडायचे," मी म्हटलं.

मग मीनाताईंना विचारलं, हे टिकतं किती?

"उजेडात ठेवलं तर उडत जाईन. पेटीत ठेवा, लई वर्षं राहीन. पण मंग पाहाल कधी?"

"पेटीतच ठेव वं," शोभा म्हणाली. "पुन्हा कुठून आणशीन?"

परतताना गुंडाळलेला कागद मांडीवरच ठेवला. घरी पोचल्यावर पेटीत, साड्यांच्या खाली ठेवून झाकण लावलं. एक्सरेही तीन वर्षं असाच बंद होता.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद बाहेर काढला आणि स्वयंपाकघरात, जिथं दिवसभर उजेड येतो, त्या भिंतीला लावला.